गेलेल्यांचं घर, राहिलेल्यांची भिंत

विनोबांना एक चित्र हवं होतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. बाराव्या अध्यायाच्या वेळी त्यांनी राम आणि भरताची गोष्ट काढली. एक चौदा वर्षं वनात राहिला, दुसरा अयोध्येच्या वेशीबाहेर. भेट झाली तेव्हा दोघांच्याही जटा वाढलेल्या, दोघेही तपाने वाळलेले. त्यांतला वनातून आलेला कोण, हे पाहणाऱ्याला ओळखता येऊ नये. हा प्रसंग कुणी चित्रकाराने रंगवावा, असं त्यांना वाटत होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीला विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला आले. आज नालवाडी वर्धा शहराला जवळजवळ चिकटली आहे; तेव्हा ती गावकुसाबाहेरची दलित वस्ती होती. इथे ते सूत कातून मिळेल तेवढ्यावर राहिले. इथेच ग्रामसेवा मंडळाचं काम उभं राहिलं आणि गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. १९३८ साली प्रकृती अगदीच ढासळली तेव्हा विनोबा नालवाडीतून पवनारला, धाम नदीच्या काठी गेले. तिथे जमीन खणताना जुनी शिल्पं सापडली. त्यातल्या एकाची ओळख पटली ती राम-भरत भेट म्हणून. चित्रकाराकडे मागितलेलं चित्र कुणा शिल्पकाराने शतकानुशतकं आधी, वाकाटकांच्या काळात, दगडात करून ठेवलं होतं. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

आमच्या भागात ही गोष्ट योगायोगाचं नवल म्हणून सांगतात. मला तिच्यातला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. घर सोडून गेलेला आणि घरीच राहिलेला, या दोघांत घराशी जास्त बांधलेला कोण? चित्रकारांच्या बाबतीत हा प्रश्न फार उपयोगी पडतो. चित्रात चित्रकाराचं आयुष्य उतरतं, त्याचं घर उतरतं, असं आपण सहज म्हणतो. ते नेमकं कसं उतरतं, कोणत्या वाटेने, आणि किती वर्षांनी, हे मात्र क्वचितच विचारतो.

जवळचंच उदाहरण आधी घेऊ. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेले लोक गांधीजींची बैठक, कंदील, खडावा यांच्याबद्दल बोलतात. भिंतीकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. तिथे मातीच्याच गिलाव्यात, मातीनेच उठाव देऊन, ताडाच्या जातीची उंच झाडं काढलेली आहेत आणि ॐ आहे. वेगळा रंग नाही. भिंत आणि चित्र एकाच मातीचं असल्यामुळे सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की झाड दिसतं आणि ऊन डोक्यावर आलं की ते भिंतीत मिसळून जातं. हे काम मीराबेनचं. ही कुटी मुळात तिने स्वतःसाठी बांधली होती. गांधीजी नंतर तिथे राहायला आले.

मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड. १८९२ सालचा जन्म, ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. तिचं बालपण इंग्लंडमधल्या सरे परगण्यात आजोबांच्या प्रशस्त ग्रामीण घरात, घोडे, गाई आणि झाडांच्या सोबतीत गेलं. पुढे बेथोवनच्या संगीताचं वेड लागलं, त्या वेडातून ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँपर्यंत पोचली आणि रोलाँच्या पुस्तकातून गांधीजींपर्यंत. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमतीला आली. शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ती गांधीजींच्याही आधी जाऊन राहिली होती.

आता तिच्या भिंतीकडे पुन्हा पाहा. सरेच्या घराची तिथे एकही खूण नाही. झाडं इथली, माती इथली, हातही इथल्या बायकांकडून सारवणं शिकलेला. तरी राहत्या खोलीच्या भिंतीवर झाड हवं, हे जिला सुचतं ती झाडांत वाढलेली असते. शेगावच्या बाया भिंतीवर काढायच्या त्या सणाच्या, व्रताच्या आकृती. बसल्या जागेवरून झाड दिसावं म्हणून झाड काढणं ही वेगळी गरज आहे. मीराबेनने जुनं घर आणलं नाही, जुन्या घरातली बसायची सवय आणली, असं मला वाटतं. १९५९ साली ती भारत सोडून गेली आणि उरलेली वर्षं बेथोवनच्या व्हिएन्नाजवळ राहिली. भिंत इथे राहिली.

ही झाली एका खोलीची गोष्ट. आयुष्यभराच्या चित्रकामातून हा धागा तपासायचा तर सय्यद हैदर रझांकडे वळावं लागतं.

रझा आपल्याकडचे म्हणावेत का, असा प्रश्न कुणाला पडेल. १९५६ पर्यंत वर्धा आणि मंडला एकाच प्रांतात होते, त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि मंडल्याच्या हुशार मुलाने शिकायला नागपूरला यावं हा सरळ रस्ता होता. रझांचा जन्म १९२२ सालचा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात. त्यामुळे घर म्हणजे सरकारी वस्ती, भोवती घनदाट जंगल, जवळ नर्मदा. रात्रीच्या जंगलाची भीती, अंधारात चालणारे गोंडांचे नाच, आणि मग उजाडल्यावर बाजाराच्या दिवशी एकदम दिसणारे रंग, याबद्दल रझा म्हातारपणापर्यंत बोलत राहिले. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या चित्रकला शाळेत होते, तिथून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. (यातले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. सहा जणांत एक वऱ्हाडी होता हे वऱ्हाडातसुद्धा फार कुणाला ठाऊक नाही.)

मग दोन वर्षांत रझांचं घर मोडलं. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील. फाळणी झाली आणि भावंडं पाकिस्तानात निघून गेली. रझा गेले नाहीत. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधीजींना पाहिलं होतं. देश सोडून पाकिस्तानात जाणं म्हणजे त्या माणसाशी बेइमानी ठरली असती, असं ते पुढे सांगत.

याच सुमाराला, १९४८ साली, श्रीनगरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँशी पडली. त्याने चित्रं पाहिली, तरुण हुशार आहे हे मान्य केलं, आणि मग उणीव दाखवली: चित्रांत बांधणी नाही. चित्र इमारतीसारखं बांधावं लागतं, पाया, भिंती, तुळया, छप्पर या क्रमाने. तेव्हाच ते उभं राहतं. सेझानची चित्रं पाहा, असा सल्ला त्याने दिला. हा प्रसंग कलेच्या पुस्तकांत तंत्राचा धडा म्हणून येतो. पण सल्ला मिळाला कुणाला? ज्याचं खरं घर नुकतंच विस्कटलं होतं त्याला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन रझा पॅरिसला गेले आणि त्यांनी काढायला घेतली ती घरंच. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीची त्यांची चित्रं पाहा: एकमेकांना खेटून उभी असलेली दक्षिण फ्रान्समधल्या खेड्यांतली घरं, काटेकोर कडा, उतरती छपरं, वर काळा सूर्य. माणूस कुठेही नाही. १९५१ चं ‘ओ द कान्य’ हे त्यातलं गाजलेलं चित्र. घरं पक्की बांधलेली आहेत, पण ती जमिनीवर टेकलेली वाटत नाहीत. समीक्षकांनी या घरांत सेझान आणि मध्ययुगीन युरोपीय चित्रकला शोधली, ती आहेच. त्याबरोबर एका पोरक्या झालेल्या माणसाची घरं म्हणूनही ती पाहता येतात.

१९५६ साली पॅरिसमधल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९५९ साली जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी लग्न झालं. पॅरिसमध्ये घर, दक्षिणेला गोर्बियो या डोंगरातल्या गावात दुसरं घर. १९६२ साली शिकवण्यासाठी कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले तेव्हा तिथे त्यांनी मार्क रॉथकोची चित्रं पाहिली: वस्तू नाही, आकृती नाही, नुसते रंगाचे पट्टे, तरी समोर उभ्या माणसाला धरून ठेवणारे. त्यानंतर रझांची घरं वितळू लागली. छपरांच्या कडा गेल्या, रंग सैल सुटले. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या मोठ्या कॅनव्हासांवर काळोख येतो आणि त्यातून लाल, केशरी, पिवळे झोत फुटतात. ‘तपोवन’ हे १९७२ चं चित्र या टप्प्यातलं. रात्रीचं जंगल आणि त्यात पेटलेली शेकोटी, हे मंडल्याचं बालपण पॅरिसमध्ये येऊन पोचायला वीस वर्षं लागली. येताना ते जंगलाचं चित्र म्हणून आलं नाही, रंग कुठे दाबायचा आणि कुठे उसळू द्यायचा या हिशेबातून आलं. या चित्रांत झाड शोधू नका, सापडणार नाही.

मग १९८० च्या सुमाराला बिंदू आला. मोठा, काळा, कॅनव्हासच्या मध्यावर बसलेला. त्याच्याबरोबर एक गोष्टही आली, जी रझांनी अनेकदा सांगितली. ककैयाच्या प्राथमिक शाळेत लहानग्या हैदरचं लक्ष लागत नसे. मास्तर नंदलाल झारिया यांनी एक दिवस शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं, ओसरीच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, इथे बस, याच्याकडे बघ, बाकी सगळं विसर. मुलाचं मन ठिकाणावर आलं. पन्नासएक वर्षांनी तोच ठिपका जगभरच्या कलादालनांत टांगला गेला.

गोष्ट सुरेख आहे, आणि तिच्यापाशीच जरा थबकायला हवं. शाळेतला ठिपका आणि चित्रातला बिंदू यांच्यामध्ये अर्धं शतक आहे. या मधल्या काळात रझांनी निसर्गचित्रं काढली, मुंबईचे रस्ते काढले, फ्रेंच खेडी काढली. ठिपका कुठेच नव्हता. सत्तरीच्या दशकात त्यांना स्वतःच्या चित्रांचा कंटाळा आला होता. हे सगळं पॅरिसवाल्यांचंच, यात माझं काय, असा प्रश्न पडला होता. त्या काळात ते पुनःपुन्हा भारतात आले, अजिंठा-वेरूळ पाहिलं, बनारस, राजस्थान, गुजरात हिंडले, राजपूत लघुचित्रांच्या चौकटी न्याहाळल्या, तत्त्वज्ञान वाचलं. म्हणजे बिंदूला मास्तरांच्या ठिपक्याखेरीज इतरही आईबाप होते. माझा अंदाज असा: बिंदू आधी चित्रात आला आणि मग त्याने मागे जाऊन शाळेतला ठिपका शोधून काढला. यात खोटेपणा काहीच नाही. आपणही चाळिशी उलटल्यावर अचानक आजीच्या हातची एखादी भाजी आठवून ती ‘आमच्या घरची’ म्हणून करू लागतो. मधली वीस वर्षं ती आठवलीही नसते. घर मागे एका जागी थांबलेलं असतं आणि आपण त्याच्यापासून लांब जातो, ही समजूत अर्धीच खरी. पुष्कळदा माणूस आपलं घर उतारवयात निवडतो.

१९८१ साली रझांनी ‘माँ’ हे चित्र केलं. त्यात काळा बिंदू आहे, रंगांचे चौकोन आहेत, आणि देवनागरीत हाताने लिहिलेली हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेची एक ओळ आहे, परत येताना आईसाठी काय आणावं असं विचारणारी. फ्रान्समधल्या कलादालनात ती ओळ वाचणारे कितीसे असणार? मजकूर तिथल्या प्रेक्षकांसाठी नव्हताच. रझांची आई जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. एरवी अमूर्ततेचे पुरस्कर्ते असलेल्या रझांना इथे रंग पुरेसे वाटले नाहीत, अक्षरं लागली, आणि ती फ्रेंच अक्षरं चालली नाहीत.

आईची गोष्ट निघाली की मकबूल फिदा हुसेन यांच्याकडे जाणं भाग आहे. हुसेन पंढरपूरचे, १९१५ सालचे. ते दीड वर्षाचे असताना आई झैनब गेली. तिचा एकही फोटो नव्हता. वडिलांनी दुसरं लग्न केलं, बिऱ्हाड इंदूरला गेलं. मुलाला माया मिळाली ती आजोबांकडून. आजोबा पत्र्याचं काम करत, कंदील बनवत, आणि छत्री घेऊन हिंडत. हुसेनच्या चित्रांत कंदील आणि छत्री इतक्या वेळा येतात की प्रेक्षकाला ती त्यांची सहीच वाटू लागते. १९५६ च्या ‘कोळी आणि कंदील यांच्यामधे’ या अर्थाचं नाव असलेल्या चित्रात उभ्या बायका आहेत, कंदील आहे, आणि एकीच्या हातातून धाग्याने लोंबणारा कोळी आहे. बाया एकमेकींशी बोलतायत की गप्प आहेत ते कळत नाही. लहान मुलाला मोठ्या बायकांचं जग असंच दिसत असणार: समोर, तरी आत शिरता न येणारं.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे कोरे चेहरे. १९८० पासून हुसेननी मदर तेरेसांची मालिका काढली. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल, पसरलेले हात, आणि पदराखाली चेहऱ्याच्या जागी रिकामा अंधार. आईचा चेहरा आठवत नाही म्हणून आपण बायकांचे चेहरे रिकामे ठेवतो, असं हुसेन स्वतः सांगत. इथे घर आठवणीच्या वाटेने चित्रात आलेलं नाही, अभावाच्या वाटेने आलं आहे. रझांकडे निदान जंगल होतं, नदी होती, शाळेची ओसरी होती. हुसेनकडे आईपुरती फक्त नऊवारीची कल्पना होती, कारण पंढरपुरातल्या त्या काळच्या बाईने ती नेसलेली असणार. साडी त्यांना काढता आली, चेहरा काढता आला नाही. वस्तू उरतात आणि माणूस उरत नाही तेव्हा चित्रकाराच्या हाती जे राहतं तेवढंच त्यांनी काढलं.

हुसेन गोष्टीवेल्हाळ माणूस. अनवाणी पाय, पांढरी दाढी, लांबलचक ब्रश, सिनेमाची पोस्टरं रंगवण्याचे दिवस, सगळ्याची त्यांनी स्वतःच दंतकथा केली. त्यामुळे त्यांची प्रत्येक आठवण पुरावा म्हणून घ्यावी असं नाही. कोऱ्या चेहऱ्याला रचनेचंही कारण असू शकतं: चेहरा काढला की नजर तिथेच अडते, न काढला की हातांकडे, साडीच्या घडीकडे जाते. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला हरकत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कुठेच घर केलं नाही, अखेरची वर्षं खटले आणि धमक्यांमुळे देशाबाहेर काढली आणि ज्याचा मृत्यू जून २०११ मध्ये लंडनमध्ये झाला, त्याच्या चित्रांत घरगुती वस्तू शेवटपर्यंत टिकल्या, एवढं मात्र निश्चित.

आता घरीच राहिलेल्यांकडे येऊ. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरात चित्र भिंतीवर टांगत नाहीत, भिंतच चित्र होते. कारवीच्या कुडाची झोपडी, शेणामातीचा लेप, त्यावर गेरूचा हात. तांदूळ वाटून केलेलं पांढरं पीठ आणि बांबूची, टोक चघळून मऊ केलेली काडी. लग्न असलं की सवाष्णी आतल्या अंधाऱ्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. धुराने काळवंडलं तर काळवंडू दे, पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायचीच आहे. इथे ‘घराचा चित्रावर प्रभाव’ असं म्हणणंच विचित्र वाटतं. घर, लग्न, धान्य, देवी आणि चित्र वेगळं काढायला जागाच नाही.

जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जागा निर्माण झाली. १९३४ च्या सुमाराचा त्यांचा जन्म. लहानपणीच आई गेली आणि मुलाने बोलणं टाकलं. काही वर्षं तो धुळीत चित्रं काढूनच आपलं म्हणणं सांगत असे. बायकांचं मानलं जाणारं काम पुरुषाने, तेही लग्नाविना, रोज करावं ही नवीच गोष्ट होती. सत्तरीच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि मशे यांचा हात जगापुढे आला. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, परदेशांत प्रदर्शनं. २०१८ मध्ये ते गेले.

भिंत सोडून कागदावर आल्यावर मशे यांनी काय केलं, हे मला फार शिकवणारं वाटतं. त्यांनी कागद-कापडालाच शेण आणि गेरूचा हात दिला. म्हणजे विमानातून जाताना भिंत बरोबर नेली. मात्र चौकातली देवी प्रत्येक कागदावर आली नाही; आलं ते पाड्याचं जगणं: भाताची कापणी, मासे धरायचं प्रचंड जाळं, मुंग्या, तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारा नाच. आकाशातून खाली पाहावं तसा सगळा मुलूख एका कागदावर. घरात बसून ज्यांनी काढलं त्यांना घर काढायची गरज पडली नव्हती. ते काढायची वेळ आली ती कागद घराबाहेर जाऊ लागला तेव्हा. भरतालाही रामाच्या पादुका समोर ठेवाव्या लागल्या होत्याच.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की सूत्र सापडलं: घर सुटतं, वर्षं जातात, घर चित्रात येतं. हे सूत्र मोडायला एकच नाव पुरेसं आहे, आणि ते नागपुरात जन्मलेलं आहे. वासुदेव सांतु गायतोंडे. २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. घराणं गोव्याचं, तरुणपण गिरगावातलं, पुढची वर्षं दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या छोट्या जागेत, जवळजवळ एकांतात. घरच्यांशी संबंध तोडलेले. वर्षाकाठी मोजकी चित्रं. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि कित्येक दिवस नुसतं बघत बसायचं. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणू देत नसत. कुठल्याच वस्तूपासून ती निघालेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं. चित्राला नाव देणंही टाळलं. २००१ मध्ये ते गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

गायतोंड्यांच्या पिवळ्या चित्रासमोर उभं राहून आपल्याला विदर्भाचा वैशाख दिसू शकतो, निळसर चित्रात गोव्याचा समुद्र. हे दिसणं आपलं आहे, त्यांचं नाही. चाळीत, खोल्याखोल्यांतून येणाऱ्या आवाजांत वाढलेला माणूस पुढे आयुष्यभर शांतता रंगवतो, असा उलटा अर्थही लावता येईल, आणि तो लावावासा वाटतोच. पण लाल रंग आला म्हणजे रागीट, काळा आला म्हणजे दुःखी, अशी कुंडली मांडण्यासारखं ते होईल. चरित्रातून चित्र समजतं तेव्हा त्या दोहोंना जोडणारी एखादी दिसणारी खूण लागते: रझांची देवनागरी ओळ, हुसेनचा कंदील, मशेंचा शेणाने सारवलेला कागद. अशी खूण चित्रकाराने ठेवली नसेल तर आपण ती चिकटवू नये. त्याने घर दाराबाहेर ठेवलं असेल तर तोही त्याचा निर्णय आहे, आणि चित्र त्यानेच घडलेलं आहे.

तरी मुलांच्या बाबतीत मी इतका अलिप्त राहू शकत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जाऊन ‘माझं घर’ हा विषय द्या. बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर येतील, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, लाल कवेलूचं घर आणि शेजारी नारळाचं झाड. इथे तसे डोंगर नाहीत, नारळ क्वचित दिसतो, आणि बहुतेक मुलं आता स्लॅबच्या घरात राहतात. हे घर कुणाचंच नाही. ते चित्रकलेच्या वहीतून वहीत गेलेलं आहे, आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळतात म्हणून टिकलेलं आहे.

सेवाग्रामला यावर एकदा गांभीर्याने काम झालं होतं. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, म्हणजे नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. ते स्वतः चित्रकार आणि कुंभारकाम करणारे. मुलाच्या हातातून त्याचंच काहीतरी उतरलं पाहिजे, मोठ्यांचा नमुना उतरता कामा नये, या विश्वासावर त्यांनी तिथे शिकवलं आणि त्यावर ‘शिक्षा का वाहन : कला’ हे पुस्तक लिहिलं. चित्रकलेच्या शिक्षकांना ते आजही उपयोगी पडेल.

नालवाडीतल्या, वर्ध्यातल्या शिक्षकांना आणि आईबापांना म्हणून एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी मूल डोंगर-सूर्य काढायला बसलं तर ते पान बाजूला ठेवा आणि त्याला घराच्या दारात बसवा. वाळ्याचा कूलर, छतावरची काळी टाकी, दोरीवर वाळणारे गणवेश, उंबऱ्याबाहेरच्या लहानमोठ्या चपला, अंगणात वाळत घातलेली तूर, जे असेल ते काढू द्या. चपला वाकड्या आल्या तरी पुसायला लावू नका. आणि गुण द्यायचेच असतील तर नारळाच्या झाडाचे कापा.